पोपनी मनात आणलं तर उद्या सगळं बदलेल का? – कॅथलिक चर्चविषयी शंका आणि चर्चा

शेवंती (धागाकर्ती)

८ मे २०२५ ला लिओ चौदावे पोप झाले, तेव्हा जिकडेतिकडे तीच बातमी होती: चिमणीतला धूर, लाल टोप्यांतले कार्डिनल, सिस्टिन चॅपेलची बंद दारं. तेव्हापासून ओळखीचे लोक मला प्रश्न विचारताहेत ते थांबलेले नाहीत. पोप म्हणजे ख्रिस्ती लोकांचे राजे का? ते बोलतील तो कायदा का? फादरना लग्नाची परवानगी पोप उद्या देऊ शकतात का? मरियेपुढे मेणबत्ती लावता, मग तिला देव मानता का?

मी जन्माने कॅथलिक आहे आणि श्रद्धेनेही. धर्मगुरू नाही, पण चर्चचा इतिहास आणि चर्चचा कायदा मी वर्षानुवर्षं आवडीने वाचते. म्हणून म्हटलं, एकाच ठिकाणी बोलूया.

आधी एक सांगते, कारण निम्मे गैरसमज तिथेच सुटतात. बाहेरून पाहणाऱ्याला कॅथलिकांचा प्रत्येक नियम सारख्याच वजनाचा वाटतो. तसं नाही. काही गोष्टी श्रद्धेचा गाभा आहेत: देव एक आहे आणि त्रैक्यात (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) आहे, येशू खरा देव आणि खरा माणूस आहे, तो मेलेल्यातून उठला, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकर आणि द्राक्षरसाच्या) रूपाने तो खरोखर हजर असतो. यात फेरफार करायचा अधिकार पोपनाही नाही. काही गोष्टी चर्चने केलेले कायदे आहेत: उपवास कोणत्या दिवशी, पोपची निवड कशी, धर्मगुरूंनी अविवाहित राहायचं की नाही. हे चर्चने केले, चर्चने अनेकदा बदललेही. आणि काही निव्वळ भक्तीच्या रीती आहेत: रोझरी (माळेच्या मण्यांवर म्हणायची प्रार्थना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तीर्थयात्रा. चर्च त्यांचं कौतुक करतं, पण एखाद्याने जन्मभर नोव्हेना केली नाही तरी त्याच्या कॅथलिक असण्यात काही उणं राहत नाही.

कुठलाही प्रश्न आला की तो यातल्या कुठल्या थरातला, हे मी आधी बघते. विचारा, जमेल तसं उत्तर देईन. जाणकारांनी भर घालावी.

---

पिंपळपान

छान धागा. माझा पहिला प्रश्न हुद्द्यांचा. फादर, बिशप, आर्चबिशप, कार्डिनल, पोप अशी बढतीची शिडी आहे ना? वरचा सांगतो, खालचा करतो?

---

शेवंती

@पिंपळपान, दीक्षेच्या पायऱ्या तीनच आहेत: डीकन (धर्मगुरूच्या खालची पायरी), धर्मगुरू, बिशप. पोप दीक्षेने बिशपच असतात, रोमचे बिशप. येशूचा शिष्य संत पेत्र याच्या गादीवर बसतात म्हणून त्यांना सगळ्या चर्चवर अधिकार. आर्चबिशप म्हणजे मोठ्या किंवा महत्त्वाच्या धर्मप्रांताचा (बिशपच्या कारभाराखालच्या प्रदेशाचा) बिशप. कार्डिनल हा तर दीक्षेचा टप्पाच नाही. पोपना सल्ला देणाऱ्यांचं आणि नव्या पोपची निवड करणाऱ्यांचं ते मंडळ आहे.

बिशप आपल्या धर्मप्रांतात पोपचा हस्तक म्हणून काम करत नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे की बिशपांना पोपचे प्रतिनिधी समजू नये, त्यांचा अधिकार त्यांचा स्वतःचा आहे. जगभरात असे तीन हजारांहून अधिक धर्मप्रांत आणि तत्सम विभाग आहेत. प्रत्येकाची मालमत्ता वेगळी, हिशेब वेगळा. 'व्हॅटिकनकडे एवढा पैसा, मग अमक्या चर्चचं छप्पर का गळतं' असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

पण याच्या जोडीला दुसरी बाजूही खरी आहे. लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे रोमची उपासनापद्धती पाळणाऱ्या मुख्य शाखेत, बिशप नेमतात पोपच. त्या त्या देशातला पोपचा राजदूत, ज्याला नुन्सिओ म्हणतात, चौकशी करून साधारण तीन नावं रोमला पाठवतो. पोप त्यातलं एक निवडतात किंवा तिन्ही बाजूला ठेवतात. ७५ वर्षं पूर्ण झाली की बिशपने राजीनामा सादर करायचा, स्वीकारायचा कधी ते पोप ठरवतात. कायद्याने पोपचा अधिकार सर्वोच्च आणि थेट आहे, त्यांच्या निर्णयावर वर अपील नाही. म्हणजे नेमणूक आणि शेवटचा शब्द रोमचा, रोजचा कारभार मात्र बिशपचा.

---

दर्यावर्दी

व्हॅटिकन हा देश आहे म्हणतात. धर्माला देश कशाला हवा? आणि राजदूत देशाचे की चर्चचे?

---

गवाक्ष

याचं उत्तर मी देतो, आंतरराष्ट्रीय कायदा शिकताना हे अभ्यासाला होतं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'होली सी' म्हणजे पोपचं धर्मपीठ, आणि 'व्हॅटिकन सिटी' म्हणजे जमिनीचा तुकडा, जेमतेम ४४ हेक्टर. मध्य इटलीवर शेकडो वर्षं पोपचं प्रत्यक्ष राज्य होतं. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतलं आणि ते संपलं. पुढची जवळजवळ साठ वर्षं पोप आणि इटली यांच्यात अबोला होता. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारात हा छोटा देश तयार झाला, तो एवढ्यासाठी की पोप कुठल्याही सरकारचे प्रजाजन नसावेत.

राजदूत होली सीचे असतात, व्हॅटिकन सिटीचे नाही. १८७० ते १९२९ दरम्यान पोपकडे जमीन नव्हती, तरी देश त्यांच्याशी राजनैतिक संबंध ठेवतच होते. आज १८० हून अधिक देशांशी संबंध आहेत. संयुक्त राष्ट्रांत होली सी १९६४ पासून कायम निरीक्षक आहे, सदस्य नाही.

---

निशिगंध

पोपची निवडणूक गुप्त का ठेवतात? आणि काळा-पांढरा धूर कसा ठरतो?

---

शेवंती

कार्डिनलांपैकी ज्यांचं वय ८० च्या आत आहे तेच मत देतात. हा नियम पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये केला. दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ही अट ११७९ पासूनची आहे. २०२५ मध्ये १३३ कार्डिनल आत होते, म्हणजे ८९ मतं हवी होती. दुसऱ्या दिवशी, चौथ्या फेरीत निर्णय झाला. मतपत्रिका जाळतात: निर्णय झाला तर पांढरा धूर, नाही झाला तर काळा, आणि हल्ली रंगात घोटाळा होऊ नये म्हणून रसायनं घालतात.

दार बंद करण्याची कथा मला फार बोलकी वाटते. १२६८ मध्ये चौथे क्लेमेंट वारले आणि विटर्बो गावात जमलेल्या कार्डिनलांचं जवळजवळ तीन वर्षं एकमत होईना. एका बाजूला फ्रेंच राजाचे लोक, दुसऱ्या बाजूला त्याचे विरोधक. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, जेवण कमी केलं, छप्परही उतरवलं असं सांगतात. १२७१ मध्ये दहावे ग्रेगरी निवडले गेले, आणि त्यांनीच १२७४ च्या लियाँ परिषदेत कोंडून घेण्याचा नियम केला. गुप्ततेमागेही तेच कारण आहे: राजे, सरदार, त्यांचा पैसा आणि धाक बाहेर ठेवणं. एके काळी काही कॅथलिक राजे नको असलेल्या उमेदवाराचं नाव कार्डिनलांमार्फत कळवून त्याची वाट अडवत. १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने हे शेवटचं केलं. त्यानंतर दहावे पायस यांनी त्यावर बंदी घातली.

कायद्याने कार्डिनल नसलेलाही पोप होऊ शकतो. शेवटचं तसं उदाहरण १३७८ चं, सहावे अर्बन.

---

पिंपळपान

आणि राजीनामा? बेनेडिक्टनी दिला तेव्हा सगळे चकित झाले होते.

---

गवाक्ष

कायद्यात तरतूद आहेच: राजीनामा स्वखुशीने दिलेला हवा आणि नीट जाहीर केलेला हवा, कुणी तो मंजूर करावा लागत नाही. सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१३ मध्ये दिला. त्याआधीचा १४१५ चा, बारावे ग्रेगरी यांचा, पण तो एकाच वेळी तिघे जण पोप असल्याचा दावा करत होते त्या भांडणावरचा तोडगा होता. आपण होऊन पायउतार झालेले बेनेडिक्टच्या आधीचे पोप म्हणजे पाचवे सेलेस्टीन, १२९४.

---

विवेकवाट

मुद्द्याचा प्रश्न विचारतो. 'पोप कधीच चुकत नाहीत' हे आजच्या काळात कसं मानता? पोपांची मुलंबाळं होती, त्यांनी युद्धं केली, गॅलिलिओला शिक्षा झाली. हे सगळं बरोबर होतं का?

---

शेवंती

@विवेकवाट, ते बरोबर नव्हतं, आणि 'पोप कधीच चुकत नाहीत' असं चर्चही म्हणत नाही. पोप स्वतः पापनिवेदनाला, म्हणजे आपली पापं कबूल करायला बसतात, दुसऱ्या धर्मगुरूपुढे.

१८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जे ठरवलं ते फार अरुंद आहे. पोप सगळ्या चर्चचा गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांबद्दल, सर्वांनी कायमचं मानावं असा सिद्धांत अंतिमरीत्या जाहीर करतात तेव्हाच देव त्यांना चुकीपासून राखतो. यातली एक अट सुटली तरी लागू नाही. मुलाखत, भाषण, राजकारणावरचं मत, नेमणुका, यांतलं काहीच त्यात बसत नाही. १८७० नंतर हा अधिकार एकदाच वापरला गेला: १ नोव्हेंबर १९५० रोजी बारावे पायस यांनी मरियेचं स्वर्गोन्नयन (ती देहासह स्वर्गात गेली) हा सिद्धांत जाहीर केला तेव्हा. त्याही आधी त्यांनी जगभरच्या बिशपांना लेखी विचारलं होतं.

गॅलिलिओचा १६३३ चा निकाल रोमच्या धर्मन्यायालयाचा होता. तो अन्यायच होता. दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये चर्चच्या पंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली. इतकी शतकं लागली याचं दुःख आम्हालाही आहे.

बाकी पोपच्या सामान्य शिकवणुकीला कॅथलिक माणसाने आदराने मन द्यावं अशी अपेक्षा असते. आदराने ऐकणं आणि 'हे चुकूच शकत नाही' म्हणणं यांत मोठं अंतर आहे.

---

निशिगंध

मरियेचाच आणखी एक सिद्धांत आहे ना, येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला तो, निष्कलंक गर्भसंभव?

---

केवडा

@निशिगंध, या दोन्हींची गल्लत खूप जण करतात, कॅथलिकसुद्धा. निष्कलंक गर्भसंभव हा मरियेबद्दल आहे, येशूच्या जन्माबद्दल नाही. मरिया आपल्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासून आदिपापापासून (पहिल्या माणसापासून सगळ्यांकडे आलेल्या पापापासून) मुक्त होती असं त्याचं म्हणणं. नववे पायस यांनी १८५४ मध्ये तो जाहीर केला. सण ८ डिसेंबरला, आणि मरियेचा जन्मदिन बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला. येशूचा कुमारिकेपासून जन्म ही वेगळी आणि कितीतरी जुनी श्रद्धा आहे, ती प्रेषितांच्या मतांगीकारातच (श्रद्धेच्या जुन्या कबुलीतच) आहे.

---

वचनवेडा

मी प्रॉटेस्टंट आहे. भांडायला आलो नाही, पण हा प्रश्न मला मनापासून पडतो. बायबल म्हणतं देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. मग संतांकडे प्रार्थना कशाला? मेलेल्या माणसांना हाक मारून काय उपयोग?

---

शेवंती

@वचनवेडा, असं सरळ विचारलंत ते बरं केलंत.

आराधना फक्त देवाची. संतांना सन्मान, आणि मरियेला संतांमध्ये सर्वांत वरचा सन्मान, पण तोही सन्मानच. ७८७ च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांबद्दल हेच सांगितलं: वंदन प्रतिमेला नाही, प्रतिमा ज्याची आहे त्याला. संतांकडे आम्ही मागतो ते 'आमच्यासाठी विनंती कर' इतकंच. 'नमो मरिये' या प्रार्थनेचा दुसरा भाग वाचून पाहा, तिथे हेच आहे. तुम्ही आजारी असताना मंडळीतल्या भावाला 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणता, तेव्हा ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नाही. आम्ही मानतो की जे ख्रिस्तात मेले ते त्याच्याजवळ जिवंत आहेत, त्यांनाही तसं सांगता येतं.

---

वचनवेडा

जिवंत भावाला सांगणं आणि मृताला सांगणं मला एक वाटत नाही, पण तुमचं म्हणणं समजलं. मला खटकतं ते प्रत्यक्षातलं. कागदावर आराधना आणि सन्मान वेगळे, पण सामान्य भाविकाच्या मनात ती रेघ राहते का? अमका संत हरवलेली वस्तू शोधून देतो, तमका परीक्षा पास करतो. यात ख्रिस्त कुठे गेला?

---

शेवंती

रेघ पुष्कळदा पुसट होते. मी नाकारणार नाही. म्हणून तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मरियेच्या भक्तीबाबत दोन्ही बाजूंनी सावध केलं: अतिशयोक्तीही नको आणि मनाचा कोतेपणाही नको. ज्या भक्तीचं तोंड ख्रिस्ताकडे नाही ती कॅथलिक शिकवणुकीतही चुकीचीच.

आणि सुरुवातीला म्हटलं तसं थर पाहा. मरिया देवमाता आहे, हा सिद्धांत, ४३१ च्या एफससच्या परिषदेपासून. पण फातिमा किंवा लुर्ड इथे मरियेने दिलेलं म्हणतात ते दर्शन? चर्चने ती श्रद्धायोग्य ठरवली आहेत, तरी ती मानलीच पाहिजेत असं कुठल्याही कॅथलिकावर बंधन नाही. हे ऐकून आमच्यातल्या अनेकांनाही आश्चर्य वाटतं.

---

वचनवेडा

हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि तुमच्या बायबलमध्ये सात पुस्तकं जास्त का?

---

केवडा

तुमची ६६, आमची ७३. तोबित, युदिथ, मक्काबींची दोन पुस्तकं, शलमोनाचं ज्ञान, बेन सिरा, बारूख. ग्रीक भाषेतल्या जुन्या करारात ती होती, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्या तोच वाचत. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंटांनी हिब्रू संहितेतली पुस्तकं तेवढी धरली, आणि ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये ७३ चीच यादी पक्की केली. शुद्धिस्थान (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था) आणि मृतांसाठी प्रार्थना यावर आपला वाद होतो त्याचं एक मूळ इथे आहे, कारण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख येतो.

---

दर्यावर्दी

धर्मगुरूंच्या लग्नाचं राहिलं.

---

शेवंती

हो. हा दुसऱ्या थरातला प्रश्न आहे, कायद्याचा.

पहिल्या हजार वर्षांत लग्न झालेले धर्मगुरू पुष्कळ होते, जरी पश्चिमेत चौथ्या शतकापासूनच संयमाचे नियम येत होते. ११३९ च्या लॅटरनच्या दुसऱ्या परिषदेने दीक्षितांचं लग्न अवैधच ठरवलं. यामागे ख्रिस्तासारखं अविभक्त मनाने जगण्याचा आदर्श होता, आणि चर्चच्या जमिनी वारसाहक्काने मुलांकडे जाऊ नयेत ही व्यावहारिक काळजीही होती.

पण कॅथलिक चर्च म्हणजे फक्त लॅटिन चर्च नाही. रोमशी एकरूप असलेली २३ पौर्वात्य चर्चेस आहेत, त्यांच्या उपासनापद्धती आणि कायदा वेगळा आहे. युक्रेनियन, मेल्काइट, मॅरोनाइट अशा अनेक चर्चेसमध्ये लग्न झालेल्या पुरुषाला दीक्षा मिळते आणि ते पूर्ण अर्थाने कॅथलिक फादर असतात. उलट क्रम चालत नाही: दीक्षेनंतर लग्न नाही, आणि बिशप अविवाहितांतूनच. लॅटिन चर्चमध्येही अँग्लिकन पंथातून आलेल्या विवाहित पाळकांना दीक्षा दिलेली आहे. शिवाय कायमस्वरूपी डीकन, म्हणजे पुढे धर्मगुरू न होता डीकनच राहणारा, विवाहित असू शकतो.

तेव्हा पोप हे बदलू शकतात का? शकतात. २०१९ मध्ये अॅमेझॉन खोऱ्याबद्दलच्या सिनडने (बिशपांच्या सल्लासभेने), जिथे महिनोन्‌महिने मिस्सा होत नाही अशा ठिकाणांसाठी, विवाहित डीकनांना दीक्षा द्यावी असा ठराव मतदानाने मांडला. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या पत्रात तो विषय पुढे नेला नाही. मला त्याचं वाईट वाटलं. ख्रिस्तप्रसाद गाभ्यातला आणि ब्रह्मचर्य कायद्यातलं, मग दुसऱ्यापायी पहिला दुर्मिळ होऊ देऊ नये असं मला वाटतं.

---

केवडा

इथे मी शेवंतीताईंशी सहमत नाही. ब्रह्मचर्य कायद्याचं असलं तरी त्याची किंमत कायद्याहून जास्त आहे. एक माणूस सगळं सोडून लोकांसाठी राहतो, मध्यरात्री मरणाऱ्याच्या उशाशी जातो, ती साक्ष आहे. अपवाद सुरू झाला की तो नियम होतो. माणसं कमी पडत असतील तर इतर ठिकाणच्या धर्मगुरूंनी तिकडे जावं, ही जबाबदारी आधी घ्यायला हवी.

---

निशिगंध

आणि स्त्रिया? हाही कायद्याचाच प्रश्न असेल ना?

---

शेवंती

चर्च तसं मानत नाही. १९९४ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी लिहिलं की स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाही आणि हे मत सर्व विश्वासीयांनी निश्चित मानावं. पुढच्या पोपांनी तेच कायम ठेवलं. म्हणजे अधिकृत उत्तर पहिल्या थरातलं आहे. अनेक कॅथलिक स्त्रियांना त्याचा सल आहे, तोही मी इथे लपवणार नाही.

कारभाराचं मात्र निराळं. रोमच्या कारभाराबद्दलच्या २०२२ च्या नव्या संविधानाने रोमच्या खात्यांच्या प्रमुखपदी दीक्षा न घेतलेल्यांनाही नेमण्याची वाट मोकळी केली. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला अशा एका खात्याच्या प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. त्यानंतर काही आठवड्यांतच सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी व्हॅटिकन सिटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. आणि २०२३ च्या सिनडमध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं.

---

ओलीवाट

मी बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मी कॅथलिक घरातली. आता चर्चला जात नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला एका धर्मगुरूकडून त्रास झाला. तक्रार झाली तेव्हा त्या धर्मगुरूची बदली झाली, एवढंच. कुणी त्या मुलाला भेटायलाही आलं नाही. तुम्ही म्हणता बिशप स्वतंत्र, पोप सर्वोच्च. मग त्या मुलाने जायचं कुणाकडे? पापनिवेदनाच्या गुप्ततेच्या आड हे सगळं दडवता येतं ना?

---

शेवंती

@ओलीवाट, तुम्ही लिहिलंत हे सोपं नव्हतं. त्या मुलाला मदत आणि न्याय मिळायला हवा होता, आणि त्याच्याशी असं वागणारी माझीच माणसं आहेत याची मला लाज वाटते.

तुमचा प्रश्न कारभाराच्या मर्मावर बोट ठेवतो, म्हणून थोडं सविस्तर. बिशप आपल्या क्षेत्रात स्वतंत्र, आणि त्याचा वरिष्ठ फक्त रोम. एवढ्या लांबून तीन हजार बिशपांवर लक्ष राहत नाही. आजूबाजूच्या बिशपांना त्याला जाब विचारायचा अधिकार नाही, बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेलाही नाही. लोकांनी निवडलेलं मंडळ त्याच्यावर नाही. अशा रचनेत बिशपनेच डोळेझाक केली तर दार बंद होतं. अनेक देशांत तेच झालं: तक्रार आली की बदली, आणि नव्या जागी नवी मुलं.

बदल झाले, पण उशिरा आणि दुखावलेल्यांनी व पत्रकारांनी लावून धरलं म्हणून. २०१८ मध्ये चिलीच्या सगळ्या बिशपांनी एकत्र राजीनामे पुढे केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेतले माजी कार्डिनल मॅककॅरिक यांना लैंगिक अत्याचारांसाठी धर्मगुरूपदावरूनच काढलं. त्याच वर्षी नवा कायदा आला: प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार करण्याची सोय हवी, धर्मगुरू आणि व्रतस्थांना माहिती असेल तर कळवणं बंधनकारक, आणि बिशपविरुद्ध तक्रार असेल तर साधारणपणे त्या प्रांताच्या आर्चबिशपने रोमच्या परवानगीने चौकशी करायची. प्रकरण दडपणं हाही गुन्हा धरला. २०२३ मध्ये तो कायमचा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये या खटल्यांवरचं 'पोंटिफिकल गुपित' (चर्चच्या कायद्यातली सक्तीची गोपनीयता) उठवलं, म्हणजे कागदपत्रं सरकारी यंत्रणेला देताना ती सबब उरली नाही.

पापनिवेदनाची गुप्तता वेगळी. निवेदनात जे ऐकलं ते धर्मगुरू कुणालाच सांगू शकत नाही. थेट फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. पण बिशपकडे आलेली तक्रार, पालकांचं पत्र, सहकाऱ्याने पाहिलेली घटना यांतलं काहीही पापनिवेदन नसतं. तिथे त्या गुप्ततेचा आधार घेणं हा तिचाच अपमान आहे.

आणि कुठे जायचं, तर आधी पोलिसांकडे. चर्चची चौकशी ही त्याला पर्याय नाही.

---

ओलीवाट

नीट उत्तर दिलंत, त्यासाठी आभार. मी परत येईन असं म्हणत नाही. पण रचनेतच दोष आहे हे आतलं माणूस मान्य करतं, हे वाचायला मिळालं.

---

विवेकवाट

@ओलीवाट, तुमच्या धैर्याला सलाम. @शेवंती, मग कायद्यातच बदल करून बिशपांवर लोकांचा अंकुश का आणत नाहीत? तुमच्याच भाषेत हा दुसरा थर ना?

---

शेवंती

बराचसा हो. बिशप असणं हे गाभ्यातलं, पण त्याने हिशेब कुणाला द्यायचा हे कायद्यातलं. आजही प्रत्येक धर्मप्रांतात आणि धर्मग्रामात (एका स्थानिक चर्चच्या क्षेत्रात) अर्थसमिती सक्तीची आहे, पण धर्मग्रामातली समिती केवळ सल्ला देते. सल्लागार पाळकीय परिषद तर अनेक ठिकाणी ऐच्छिकच. २०२१ ते २०२४ च्या सिनडच्या अंतिम अहवालात पारदर्शकता, हिशेब देणं आणि या परिषदा सक्तीच्या करणं यांवर भर आहे. पोप फ्रान्सिस यांनी तो जसाच्या तसा स्वीकारून प्रसिद्ध केला. आता तो प्रत्येक धर्मप्रांतात उतरायला हवा. सामान्य विश्वासीयांनी आपापल्या ठिकाणी आग्रह धरला तरच ते होईल असं माझं ठाम मत आहे.

---

पिंपळपान

दोनतीन छोट्या शंका एकदम विचारतो. कॅथलिकांत घटस्फोट नाही, पण 'लग्न रद्द' होतं, हे काय? पैसे देऊन पापक्षमा अजून मिळते का? आणि ईस्टरची तारीख दर वर्षी का हलते?

---

गवाक्ष

लग्नाचं सांगतो. घटस्फोट म्हणजे होतं ते लग्न मोडणं. चर्चचं न्यायालय बघतं ते हे की मुळात लग्न झालं होतं का. जबरदस्ती, मोठी फसवणूक, मुलं होऊच द्यायची नाहीत असा आधीपासूनचा निश्चय, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक अक्षमता, अशी कारणं सिद्ध झाली तर 'वैध विवाह झालाच नव्हता' असा निकाल. मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत. २०१५ पर्यंत दोन न्यायालयांनी एकच निकाल द्यावा लागे, पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली.

---

केवडा

पापक्षमा विकत कधीच मिळत नव्हती, पण दंडमुक्तीच्या (क्षमा झालेल्या पापाबद्दलच्या शिक्षेतून सुटीच्या) नावाखाली पैसे गोळा होत होते आणि ते लांच्छनास्पद होतं. धर्मसुधारक लूथरने १५१७ मध्ये उठवलेला आवाज तिथून सुरू झाला. १५६७ मध्ये पाचवे पायस यांनी पैशांशी जोडलेल्या सगळ्या दंडमुक्ती रद्द केल्या. दंडमुक्ती आजही आहे, पण आधी पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापापासून मन मागे घेणं, हे सगळं हवं.

ईस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पौर्णिमा चर्चच्या गणिताची, आकाशातली नाही. म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही. राखेचा बुधवार, पेन्टेकॉस्ट हे दिवसही त्याच्याबरोबर सरकतात.

---

निशिगंध

माझा शेवटचा. मैत्रिणीच्या लग्नाच्या मिस्साला जायचं आहे. मी ख्रिस्ती नाही. काय करावं, काय करू नये?

---

शेवंती

जरूर जा. सगळे उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही, शांत बसलात तरी चालतं. बोलायच्या प्रार्थना म्हटल्या नाहीत तरी कुणाला वावगं वाटणार नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा: ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेने पुढे जातात तेव्हा आपल्या जागी बसून राहा. तो आमच्या श्रद्धेचा गाभा आहे, आणि बाप्तिस्मा घेऊन त्या श्रद्धेत आलेलेच तो घेतात. काही ठिकाणी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे आडवे ठेवून पुढे गेलं की धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात, पण सगळीकडे तशी रीत नाही, म्हणून मैत्रिणीला आधी विचारून घ्या. शांतीच्या वेळी शेजारचा हात पुढे करेल किंवा नमस्कार करेल, त्याला तुम्हीही नमस्कार करा.

---

निशिगंध

कळलं. रांगेत न जाता बसून राहीन, आणि आशीर्वादाचं तिलाच विचारते.